आधी टप्पा, मग नखरे

कुणाची ओळख करून दिली, की दाजी त्याच्या चेहऱ्याकडे नव्हे, बोटांकडे बघत. नव्या जज्जसाहेबांची बोटं बघून ते "फुकट गेली!" असं पुटपुटले होते, आणि साहेबांना ते ऐकू गेलं होतं. ही तीस सालाच्या आसपासची गोष्ट. दाजी रत्नागिरीच्या कचेरीत कारकून. संध्याकाळी कोट खुंटीला टांगायचा, धोतराचा काचा मारायचा आणि कातळावर आम्हा पोरांना गोलंदाजी शिकवायची.

शिकवणं म्हणजे काय, तर फणसाचं एक पान. ते कातळावर ठेवायचं नि चेंडू बरोब्बर त्यावर पाडायचा. "आधी टप्पा, मग नखरे!" एकदा आम्ही परक्या बागेत दगडांनी कैऱ्या पाडत होतो. बागवाला ओरडत आला, तर मागून दाजी त्याच्याहून मोठ्यानं, "देठावर मार, शिंच्या! फळ कशाला फोडतोस?" बागवाला मग आम्हाला सोडून त्यांच्याशीच भांडत बसला.

वर्षभरात माझे दहातले आठ चेंडू पानावर पडू लागले. आता मला गुगली हवी होती. मुंबईला कॉलेजात असताना दाजी ती टाकत, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. इतक्यात मिरकरवाड्याचा यशवंत आला. त्याचा चेंडू कुठे जाईल ते त्यालाही कळत नसे. आणि पंधरा दिवसांत दाजी त्याचं मनगट धरून त्याला गुगली शिकवू लागले! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याला ताप यावा म्हणून मी देवाला साकडं घातलं. ताप आला मला.

बरा होताच दाजींची ओटी गाठली. "मी काय घोडं मारलंय तुमचं? त्यालाच का?"

दाजींनी तपकिरीची डबी मिटली. "त्याच्याकडे घालवण्यासारखं काही नाही रे. माझ्याकडे होतं. तुझ्यासारखाच पडायचा माझा चेंडू. गुगलीच्या नादी लागलो नि टप्पा गेला, तो गेलाच. टीममधनं काढलं मला."

"म्हणजे मला कधीच शिकवणार नाही?"

"नाही." त्यांनी डबी पुन्हा उघडली. "आणि तू कसला जळतोस त्या पोरावर? वर्षभर तुझ्या एकेका चेंडूवर मी जळतोय. शाबास म्हणायला तोंड उघडलं नाही माझं."