डोळे मिटायच्या आधी

आमच्या सलोमीबाई प्रार्थनेला सहजासहजी डोळे मिटत नसत. चर्चच्या मंडळीतल्या बायकांची घरप्रार्थना असली की आम्ही डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून तयार. आणि ह्या, जिनं अडचण सांगितली तिच्याकडे टक्क बघत बसलेल्या. म्हणायच्या, "मंग?" ती बाई आणखी थोडं सांगायची. पुन्हा "मंग?" चहा निवायचा, भजी मऊ पडायची. कोणी कंटाळून "करा न बाई आता प्रार्थना" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "देवाले काय अर्धीच गोष्ट सांगाची?"

हे सत्तरच्या दशकातलं भंडारा. मी नुकतीच बायबलचा अभ्यासक्रम करून आले होते आणि अंगात उपदेश मावत नव्हता. (नातवंडं म्हणतात, अजून मावत नाही.) माझी युक्ती मात्र नामी होती. सल्ला मी तोंडावर देतच नसे, प्रार्थनेतून देई. "हे प्रभू, या भगिनीला भाजीत तेल कमी घालायची बुद्धी दे." डोळे मिटलेल्या बाईला उलटून बोलता येत नाही, आणि शेवटी आमेन तर म्हणावंच लागतं!

सलोमीबाई नंतर कोपऱ्यात गाठायच्या. "काहून वं पोरी, देवाले सांगून राहिली होतीस का तिले? अवं, प्रभूनं आंधळ्याले बी इचारलं, तुले काय पायजे म्हणून. त्याले का दिसत नोतं, तो आंधळा हाये म्हणून?"

मी हसण्यावारी न्यायचे. म्हातारीचा अभ्यासक्रम कुठे झाला होता!

एकदा मंजू आली. आंधळगावला दिलेली, आता माहेरी येऊन बसलेली. तिचं तान्हं बाळ गेलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नवरा न्यायला येऊन रिकाम्या हातानं परत गेला होता. ती एवढंच म्हणाली, "मले त्या घरात जावंसं नाई वाटून राहिलं."

मला तेवढं पुरे होतं. सासू खाष्ट! मी लगेच सुरू केलं, "हे प्रभू, या भगिनीला सासरी नमून राहायची..."

"थांब वं!" सलोमीबाई कडाडल्या. प्रार्थना मध्येच तोडलेली मी आयुष्यात तेवढी एकदाच ऐकली. मग त्या मंजूकडे वळल्या. "मंग, बाई?"

मंजू म्हणाली, "पाळणा अजून टांगूनच हाये. कोणी काढूनच नाई राहिलं."

सलोमीबाईंनी सल्ला दिला नाही. दुसऱ्या दिवशी मंजूला घेऊन एसटीनं आंधळगाव गाठलं. मीही गेले, गरज पडली तर सासूला दोन शब्द सांगायला.

गरज पडली नाही. सलोमीबाईंनी सासूलाही तसंच बोलू दिलं. सासू पदरानं तोंड झाकून म्हणाली, "काढला असता वो. पण सुनेले वाटंल, म्हातारीले इसराची घाई झाली." मंजू उठली आणि तिच्याजवळ जाऊन बसली. दोघी म्हणाल्या, तुम्हीच काढा. सलोमीबाईंनी स्टुलावर चढून दोऱ्या सोडल्या, गाठी न कापता, एकेक करून. आतली गोधडी घडी घालून मंजूच्या मांडीवर ठेवली. मंजू त्या घरी राहिली.

परतताना एसटीची वाट बघत आम्ही दोघीच. मी म्हटलं, "गाठी किती हळू सोडत होता तुम्ही."

"माह्या घरचा पाळणा मीनंच सोडला होता," त्या म्हणाल्या. "एकटीनं. मालक परगावी कामाले. स्टूल धराले बी कोणी नोतं."

वर्षानुवर्षं आम्ही त्यांना आमची दुखणी सांगत होतो. त्यांना मूलबाळ नाही एवढंच आम्हाला माहीत. माझ्या जिभेवर सांत्वनाची चांगली चार वाक्यं आली होती, अभ्यासक्रमातली. ती गिळली आणि विचारलं, "नाव काय ठेवलं होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "योहान," म्हणाल्या. मग त्याचे केस, त्याची उचकी, त्याचं मुठी आवळून झोपणं, सांगतच राहिल्या. भंडाऱ्याची गाडी आली, कंडक्टरनं दोनदा हाक मारली. आम्ही ती जाऊ दिली.