सगळ्यांचे मामा

आमच्या घोडपदेवच्या चाळीतले दत्ताराम परब हे एका नेपाळी वॉचमनचे, दोन ओडिया प्लंबरांचे, गोरखपूरच्या एका इस्त्रीवाल्याचे आणि बंगालमधल्या मालद्याच्या सहा लादीवाल्यांचे सख्खे मामा आहेत. सख्खे, असं ते स्वतः सांगतात. तेही सरकारी खिडकीपाशी उभं राहून.

परबकाका मूळचे सावंतवाडीकडचे. उभा जन्म बसचे कंडक्टर म्हणून गेला. आता निवृत्त आहेत, पण आवाज अजून ड्युटीवर आहे. गॅलरीत उभे राहून ते रोज जाहीर करतात, "मुंबई भरली! आता येव नका रे कोणी!" मी एकदा म्हटलं, "काका, तुम्हीसुद्धा गावाहूनच आलात ना?"

"मी इलंय तेवा जागा होती," काका म्हणाले, आणि खाली पाठीवर बोचकं घेऊन आलेल्या एका नव्या माणसाला त्यांनी हाक मारली, "ए! रात को सोता किदर है तू?"

त्याच संध्याकाळी त्याची पथारी जिन्याखाली लागली. चाळ कमिटीने विचारलं तेव्हा काका म्हणाले, "भाचो माझो. गावाक पाठवू काय तेका?"

हे मामाचं प्रकरण सुरू झालं हॉस्पिटलमध्ये. ओडिया प्लंबरांपैकी एकाला डेंग्यू झाला. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "नातेवाईक कोण?" मागे फक्त काका होते, आणि तेही स्वतःच्या गुडघ्यासाठी आलेले. ते पुढे सरकून म्हणाले, "मी. मामा." बाईंनी मान वर न करता लिहून घेतलं. काकांना कळलं की हे चालतं.

"पण मामाच का?" मी विचारलं.

"काका सांगितला तर आडनाव बघतत," ते म्हणाले. "मामाचा आडनाव वेगळाच असता. कोण विचारीत नाय."

पुढे तिथल्या सिस्टरही त्यांना ओळखायला लागल्या. एकदा एक म्हणालीच, "मामा, मागच्या खेपेला भाचा ओडिशाचा होता. आज नेपाळचा?"

"भयणी खूप आसत माझ्यो," काका म्हणाले. "लांब लांब दिलेल्यो."

भाच्यांशी ते गोड बोलतात असं मात्र कोणी समजू नये. इस्त्रीवाल्याच्या मुलीला म्युनिसिपालिटीच्या शाळेत घालायला ते गेले, तेव्हा वाटभर त्याला झापत होते, कारण मुलगी सात वर्षांची झाली तरी शाळेत नव्हती. आता ती मराठीत कविता म्हणते. काका तिच्या चुका काढतात, मालवणीत.

एका रविवारी सकाळी त्यांनी आमचं दार वाजवलं. "चल गो. तुझा इंग्लिश घेऊन ये."

समोरच्या टॉवरमध्ये लाद्या बसवणाऱ्या सहाजणांना कागद तपासायला पोलीस ठाण्यात नेलं होतं. ते आपसात बंगाली बोलतात, बाहेरच्या देशातले असतील, असं कोणीतरी कळवलं होतं. ठाण्याच्या पायरीवर काका थांबले आणि म्हणाले, "एकदा सीमेपलीकडे नेऊन सोडल्यावर कोणाची हाक कोण ऐकतलो?"

आत अधिकारी दमलेले होते, पण वागायला बरे होते. "आजोबा, तुम्ही कोण?"

"मामा."

"कोणाचे?"

"आत कोण कोण आसत?"

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. बाकावर बसलेल्या सहाजणांपैकी रफिकुलकडे बोट दाखवलं. "हा शेख. तुम्ही?"

"परब. साहेब, तुमच्या मामाचा आडनाव काय?"

"घाडगे," साहेब बोलून गेले.

"आणि तुमचा?"

साहेबांनी पेन पुन्हा उचललं. ते म्हणाले, "बरं, मग तुमच्या बहिणीचं नाव सांगा."

काकांनी रफिकुलकडे पाहिलं. तो पुटपुटला, "राबिया."

"राबिया," काका जोरात म्हणाले. "पोरगो सांगता तां ऐकूक येना नाय तुमका?"

मागे बसलेल्या हवालदाराला खोकला आला.

नात्याचा प्रश्न साहेबांनी तिथेच सोडला. कागद लागतीलच, असं मात्र सांगितलं. आधार कार्डं सगळ्यांकडे होती, पण शाळेचे दाखले गावात. मग गावाला फोन झाले. रविवार असूनही तिथल्या मुख्याध्यापकांनी शाळा उघडली. त्यांच्याशी इंग्रजीत मी बोलले. त्यांचं इंग्रजीही माझ्याइतकंच निघालं, त्यामुळे आमचं छान जमलं. दाखल्यांचे फोटो एकेक करून येत होते. साहेब दोनदा म्हणाले, "आजोबा, घरी जा. कळवतो." काका हलले नाहीत. कोणी दिलेला चहाही घेतला नाही. भाचे आत उपाशी आहेत म्हणाले.

दिवेलागणीला सहाही जणांना सोडलं. काकांनी प्रत्येकाच्या दंडाला हात लावून पाहिलं, आणि मग नेहमीच्या आवाजात ओरडले, "मुंबई भरली म्हणान सांगितलंय ना? चला आता, जेवा!"

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे डबा परत द्यायला गेले, तर रफिकुल आलेला होता. फोनवर त्याची आई होती. तिला मामांशी बोलायचं होतं. काकांनी व्हिडिओ कॉल कानाला लावला. रफिकुलने तो समोर धरायला शिकवलं. डोक्यावर पदर घेतलेली एक बाई. ती रडत होती, हसत होती, बंगालीत भराभरा बोलत होती. काका नुसते "होय गो, होय गो बाय" म्हणत होते.

मग तिने काहीतरी विचारलं. रफिकुल सांगायला पुढे झाला, पण त्यातलं 'घर' मलासुद्धा कळलं. घरी कोण कोण आहे, दादा?

काकी जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. गावच्या घराला कुलूप. काकांनी फोन थोडा जवळ धरला.

"आसत," ते म्हणाले. "सगळे आसत."

तिला ते पुरेसं वाटलं नसावं. ती वाट बघत होती. काकांनी फोन हळूच माझ्याकडे वळवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्यां माझां चेडू." रफिकुलने आईला बंगालीत सांगितलं, मामांची मुलगी.

माझे आईवडील भिंतीपलीकडे, आमच्या खोलीत होते. मी डबा खाली ठेवला, काकांच्या शेजारी जाऊन बसले, आणि राबियाआत्याला नमस्कार केला.