एक नंबर अभ्रे

दाराची बेल वाजली की थोरली जाऊ धावत जाऊन दार उघडायची आणि दर वेळी तिच्या पोटात दुखायचं. कारण दारात कुरिअरवाला असायचा, आणि तो तिच्या खांद्यावरून आत डोकावत विचारायचा, "धाकट्या मॅडम आहेत का? पार्सलं न्यायची होती."

धाकट्या मॅडम! लग्न होऊन घरात आल्या तेव्हा ह्या मॅडमना सुईत दोरा ओवता येत नव्हता. थोरलीनंच तिला मशीनवर बसवलं, काज करायला शिकवलं, चेन लावायला शिकवलं. आणि आता ती मागच्या खोलीत बसून उशांचे अभ्रे शिवत होती, मोबाइलवर त्यांचे फोटो टाकत होती, आणि कुठल्या कुठल्या गावची माणसं ते मागवत होती. थोरलीचा टाका बारीक, शिवण सरळ; पण तिचे अभ्रे घरातल्या उशांपलीकडे कधी गेले नाहीत. तिला धाकटीचा हेवा वाटत होता असं म्हटलं तर तिला राग येईल, म्हणून नुसता जळफळाट होत होता म्हणू.

"अहो, मला पण दुकान काढायचंय," एका रविवारी तिनं नवऱ्याला सांगून टाकलं. "मोबाइलवर. आणि धाकटीला कळता कामा नये."

"अगं, दुकान म्हटल्यावर लोकांना कळायलाच हवं ना?"

"लोकांना कळू दे की. तिला नको."

नवरा एका कचेरीत जुन्या फायली सांभाळायचा. छापलेली कुठलीही सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची आणि पाळायची, हा त्याचा स्वभाव. त्यानं दिवसभर बसून दुकान उभं केलं. पासवर्डपाशी गाडी अडली. थोरलीनं सांगितलं, "थोरली ती थोरलीच." मोबाइल म्हणाला, पासवर्ड कमजोर आहे. जन्मात कुणी तोंडावर कमजोर म्हटलं नव्हतं, त्यामुळे थोरलीला पहिल्याच दिवशी मोबाइलचा राग आला. शेवटी दोन आकडे आणि एक उद्गारचिन्ह घातल्यावर त्याचं समाधान झालं.

गिऱ्हाईक म्हणजे माहेरची मंडळी. मामी, मावशी, दोन बहिणी, भाऊ, भावजय, असे अकरा जण फोन करकरून गोळा केले. सगळ्यांनी अभ्रे मागवले, सगळ्यांना पोचले. आता राहिला शेरा. माल घेतला की खाली पाच चांदण्या येतात, आपण त्यातून काय ते द्यायचं, एवढं थोरलीनं धाकटीच्या मागं उभं राहून पाहिलं होतं. पुढचं तिला कुणी सांगायची गरज नव्हती. शाळेत पहिला नंबर म्हणजे काय आणि पाचवा नंबर म्हणजे काय, हे ती चांगलं ओळखून होती.

"मामी, मला एक नंबर द्यायचा हं," तिनं फोनवर बजावलं.

"अगं, पण आमची सून म्हणते पाच द्यायचे असतात."

"तिला काय कळतंय! तुम्हाला अभ्रे आवडले ना?"

"एक नंबर आहेत!"

"मग तेच द्या. एक म्हणजे एक. दोन दिलेत तर मी बोलणार नाही."

मामी घाबरल्या. बाकीच्या दहा जणांनाही अशीच तंबी मिळाली, आणि माहेर एका सुरात कामाला लागलं.

एवढ्यावर थांबली असती तर ती थोरली कसली! आपण वर जायचं आणि धाकटी होती तिथंच राहणार, ह्यात काय मजा? तिला जरा खाली ओढायला हवं होतं. पण माल घेतल्याशिवाय शेरा देता येत नाही. तेव्हा नवऱ्याच्या मोबाइलवरून, त्याला न सांगता, तिनं धाकटीच्या दुकानातून एक अभ्रा मागवला. नाव टाकलं, एक हितचिंतक. पत्ता मात्र घरचाच द्यावा लागला, कारण वस्तू दुसरीकडे गेली असती तर तिकडे दहा प्रश्न विचारले असते.

मागच्या खोलीतून निघालेलं ते पार्सल चार दिवसांनी त्याच दारात परत आलं.

"एक हितचिंतक इथंच राहतात का?" कुरिअरवाल्यानं विचारलं.

"पाहुणे आहेत. बाहेर गेलेत. द्या माझ्याकडे."

"ओटीपी लागेल."

ओटीपी गेला होता नवऱ्याच्या मोबाइलवर आणि नवरा होता कचेरीत. थोरलीनं फोन लावला. "अहो, मेसेज आलाय बघा. त्यातले आकडे सांगा पटकन."

"सांगता येणार नाहीत. खाली लिहिलंय, हा क्रमांक कुणालाही सांगू नका."

"मी काय कुणीही आहे? मी बायको आहे!"

"बायको सोडून, असं कुठं लिहिलेलं नाही."

"घरी या, मग वाचून दाखवते काय लिहिलंय ते!"

हा आवाज ऐकून धाकटी हातातल्या कात्रीसकट बाहेर आली. तिनं पार्सलाकडे पाहिलं, थोरलीकडे पाहिलं. "काय झालं, ताई?"

"काही नाही. पाहुण्यांचं सामान आलंय."

"बरं," धाकटी म्हणाली आणि आत गेली. तेवढ्यात संध्याकाळच्या जेवणाचा विचार करून नवऱ्यानं आकडे सांगून टाकले.

त्याच संध्याकाळी नवरा आंघोळीला गेला तेव्हा थोरलीनं त्याचा मोबाइल उचलला आणि थेट पाचव्या चांदणीवर बोट दाबलं. पाचवा नंबर! पाचही चांदण्या पिवळ्या पडल्या. धाकटीचा चेहराही आता असाच पिवळा पडेल, ह्या विचारानं तिला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

आठवड्याभरानं तिच्या दुकानाला पत्र आलं. नवऱ्यानं ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. "आपल्या दुकानाबद्दल ग्राहक अत्यंत नाराज आहेत. तीन दिवसांत सुधारणा न झाल्यास दुकान बंद करण्यात येईल."

आयुष्यात पहिल्यांदा तिचे अभ्रे घराबाहेर गेले होते. आणि बंद? दुसऱ्याच क्षणी सगळा प्रकार तिच्या लक्षात आला. हे काम कुणाचं असणार! ती तरातरा मागच्या खोलीत गेली.

"माझं दुकान बुडवलंस ना? बघवलं नाही तुला?"

धाकटीनं मशीन थांबवलं. "तुमचं दुकान आहे, ताई? मला बोलला नाहीत ते." तिनं थोरलीच्या हातातला मोबाइल घेतला, वाचता वाचता ओठ दाबले, तरी शेवटी तिला हसू फुटलंच. "अहो, ही तर तुमचीच माणसं. मामींनी लिहिलंय, अभ्रे एक नंबर, शिवण एक नंबर, आमची भाची एक नंबर. आणि एक स्टार दिलाय. अकराच्या अकरा तसेच!"

"मग? एक नंबरच दिलाय की!"

"ताई, इथं एक म्हणजे सगळ्यात टुकार. पाच म्हणजे सगळ्यात छान."

थोरली जवळच्या स्टुलावर हळूच टेकली. अकरा माणसांना दम देऊन तिनं स्वतःला टुकार ठरवून घेतलं होतं. आणि दुसरीकडे जे केलं होतं, ते तर आठवायचीही सोय नव्हती.

"काळजी नका करू," धाकटी म्हणाली. "शेरा बदलता येतो. मामींपासून सगळ्यांना मीच फोन करते, आज संध्याकाळपर्यंत करून टाकू. तुमच्या हातच्या शिवणीला कोण नावं ठेवणार?" मग ती जरा घुटमळली. "आणि ताई, ते पार्सल भरतानाच मला कळलं होतं. पत्ता घरचा, नंबर भाऊजींचा. मला वाटलं, आता एक स्टार पडणार. दोन दिवस घास गेला नाही. तर तुम्ही पाच दिलेत! तोंडावर कधी बरं म्हणाला नाहीत हो मला. त्या दिवशी मी इथंच बसून रडले."

थोरलीला तिच्याकडे बघवेना. तिनं मशीनवरचा अर्धवट अभ्रा उचलून पाहिला. टाका बारीक होता, शिवण सरळ होती. थेट तिच्यासारखी. पोटात परत थोडं दुखलं, पण आता ते नेमकं कशानं, हे तिला सांगता आलं नसतं.

"खरं सांगा ना, ताई," धाकटीनं डोळे पुसत विचारलं, "एकदम पाच का दिलेत?"

"सहा नव्हते ना," थोरली म्हणाली.