केटली धरली की वायफाय येतं

छकुलीला नोकरी लागली होती. फक्त ‘हो’ म्हणायचं बाकी होतं, आणि तेवढ्या ‘हो’साठी सकाळपासून घरातली चार माणसं घाम गाळत होती.

छकुली म्हणजे कुणी शेंबडं पोर नव्हे. संगणकाची पदवी घेतलेली, चष्मेवाली, माळ्यावरचे डबे स्टूल न घेता काढणारी उंच बाई होती ती. पण घरात एकदा नाव पडलं की ती जन्मठेप असते. तर या छकुलीला कित्येक महिन्यांच्या ‘कळवतो’नंतर एका कंपनीने खरोखरच कळवलं होतं. काम मदत कक्षातलं, सोमवारपासून. लोकांनी फोन करून ‘आमचा मेल जात नाही हो, आमचं वायफाय लागत नाही हो’ म्हणून रडायचं आणि छकुलीने त्यांचे डोळे पुसायचे. अट एकच होती: आज दुपारी चारच्या आत याच मेलला उत्तर देऊन होकार कळवावा, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला जाईल.

आणि छकुलीचा मेल जात नव्हता. कारण तिचं वायफाय लागत नव्हतं.

“अगं, मग सरळ फोन करून सांग त्यांना,” आई म्हणाली. आई दंतवैद्य. आज बुधवार असूनही सणाची सुट्टी म्हणून दवाखाना बंद, त्यामुळे बघण्यासारखं तोंड एवढं एकच होतं, आणि ते छकुलीचं होतं.

“काय सांगू? मला मेल पाठवता येत नाही, म्हणून मला मेलच्या अडचणी सोडवायला ठेवा?”

आईने आपला फोन पुढे केला.

दुसऱ्याच्या फोनवरून मेल उघडावा, तर त्याचा कोड छकुलीच्या फोनवर येणार. तो फोन परवा कपडे धुवायच्या मशीनमध्ये जीन्सबरोबर फिरून आला होता आणि सध्या दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर पोट उघडं टाकून पडला होता. लॅपटॉपला फोन केबलने जोडावा, तर घरातल्या सगळ्या केबली नुसत्या चार्जिंगच्या. उरला तो फक्त लॅपटॉप आणि त्याचं वायफाय.

लॅपटॉप म्हातारा. छकुलीने त्याच्यावर लिनक्स घातलं, तेव्हा कुठे त्याच्या अंगात जीव आला. एक खोड मात्र राहिली. मध्येच डुलकी लागून तो परत जागा झाला की बाकी सगळं उठायचं, वायफाय उठायचं नाही. मग तो पूर्ण बंद करायचा, परत चालू करायचा आणि ताटकळत बसायचं. एरवी हे महिन्या-दोन महिन्यांतून एखादवेळी व्हायचं. आज मात्र महाराज ऊठसूट झोपत होते. छकुली मेल उघडते न उघडते तोच पडदा काळा!

“फुकट मिळालेलं आहे ना ते लिनक्स?” आत्या म्हणाली. “फुकट आलेल्या पाहुण्याचेच रुसवे जास्त.”

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. पुढच्या खोलीत तिचं शिवणाचं मशीन होतं, आणि त्या मशीनवर आत्ता छकुलीचा ऑफिसचा पहिला शर्ट चालू होता. गळ्यात टेप, कानामागे खडू, डाव्या मनगटावर टाचण्या धरून ठेवणारा चुंबकाचा पट्टा, अशा संपूर्ण शस्त्रसाजात ती दर थोड्या वेळाने टेबलाशी यायची. डावा हात लॅपटॉपच्या कडेवर टेकवायची, पडद्यावर वाकायची आणि विचारायची, “गेला का गं?”

जात नव्हता.

छकुलीने काय नाही केलं? काळ्या खिडकीत पांढऱ्या अक्षरांत लांबलचक आज्ञा दिल्या. वायफायचा ड्रायव्हर काढला, परत घातला. झोपायची सवय मोडावी म्हणून सेटिंगमध्ये ‘कधीही झोपू नये’ असं ठणकावून सांगितलं. लॅपटॉपने ते मान्य केलं. आत्या ते वाचायला वाकली आणि लॅपटॉप झोपला.

“हे असं अंदाधुंद चालायचं नाही,” बाबा उठले. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. घरात काहीही बिघडलं की त्यांचा चेहरा सहलीला निघाल्यासारखा फुलायचा. “प्रयोग करायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं होतं तसं. छकुली, परत चालू कर.”

छकुलीने लॅपटॉप परत चालू केला. तो जागा होईपर्यंत आत्या चहाचं बघायला स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा, केटली भरल्याचा आवाज आला, आणि इकडे छकुली किंचाळली, “आलं! वायफाय आलं!”

“आलं? बघू!” आत्या धावत आली, टेबलाला टेकली, वाकली. पडदा काळा.

“कुणीही जागा सोडायची नाही!” बाबा ओरडले. आईने चष्म्याकडे नेलेला हात तसाच हवेत ठेवला. “वायफाय आलं तेव्हा काय चालू होतं? नळ! गेलं तेव्हा काय बंद होतं? नळ!”

“अहो, नळाचा आणि वायफायचा काय संबंध?” आई म्हणाली.

“संबंध नंतर. आधी निरीक्षण. तू नळावर जा. ताई, तू इथे छकुलीच्या शेजारी उभी राहून नीट लक्ष ठेव. तू निरीक्षक.”

निरीक्षकाने डावा हात लॅपटॉपच्या कडेवर टेकवला.

आईने नळ सोडला. वायफाय आलं नाही. बाबांनी विचार केला, की मघाशी नळाखाली केटली होती. आईने केटली धरली. वायफाय आलं नाही. मघाशी केटलीला झाकण नव्हतं. झाकण काढलं. तरी नाही. दर प्रयोगाला लॅपटॉप बंद करायचा, चालू करायचा, आणि निरीक्षकाने दोन पावलं पुढे सरकून अधिक बारकाईने बघायचं.

“मी पेशंटचा दुखरा दात सोडून शेजारचा ठोकत बसले ना, तर मला लोक मारतील,” स्वयंपाकघरातून आई म्हणाली. तिच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या.

“वहिनी, तुम्ही केटली तिरकी धरलीय,” आत्या मान लांब करून म्हणाली. “मी कशी सरळ धरली होती. सरका, मी दाखवते.”

ती आत गेली. इकडे छकुलीने लॅपटॉप परत चालू केला, तिकडे आत्याने केटली सरळ धरली. आणि वायफाय आलं!

बाबांना भरून आलं. “नळ नाही! केटलीही नाही! ताईच्या हातातली केटली! ताई, हलू नकोस. श्वास बेताने घे. छकुली, लिही!”

छकुली लिहू लागली: ‘हो, मी येते.’

“थांब,” बाबा म्हणाले. “हो काय? ‘होय’ लिही. आणि ‘येते’ नको. वाढदिवसाला जातेयस का? ‘रुजू होते’ लिही.”

“रुजू म्हटलं की पोर चष्म्याबरोबर पोलिसाची टोपीही घालेल असं वाटतं,” आई म्हणाली. “‘येते’च बरं.”

छकुलीने भांडण नको म्हणून दोन्ही लिहिलं, मध्ये तिरक्या रेघा टाकल्या. “ठरवा लवकर. वायफाय आहे तोवर.”

“ताई!” बाबांनी सवयीने हाक मारली. या घरात पडद्याच्या रंगापासून मुलीच्या कॉलेजपर्यंत कुठलीही गोष्ट आत्याला विचारल्याशिवाय कधी ठरली नव्हती. “ताई, ‘येते’ की ‘रुजू होते’?”

“बघू दे, कसं दिसतंय!” म्हणत आत्या केटलीसकट बाहेर आली.

पडदा काळा.

सव्वातीन वाजून गेले होते. छकुलीने लॅपटॉपवर डोकं टेकवलं. शर्टाला अजून एक बाही लागायची होती, आणि तो कुठे घालून जायचा तेच हातातून निसटत चाललं होतं. नातेवाईकांच्या लग्नांत ‘सध्या काय करतेस?’ला पुन्हा तेच ‘बघतेय’ म्हणायचं. छकुली रडत नव्हती, पण चष्मा पुसत होती, आणि तो काही फारसा खराब नव्हता.

आत्याला ते बघवेना. “अगं, त्या मेलच्या तळाशी मी सकाळी वाचलं. ‘संगणकाची कुठलीही अडचण? आम्हाला फोन करा.’ नंबर मी हातावर उतरवून ठेवलाय.”

“आत्या, तीच कंपनी आहे ती! तिथेच मला नोकरी लागलीय!”

“मग काय झालं? नाव कुठे सांगतेय मी? मी एक साधी शिवणकाम करणारी बाई. मला काही कळत नाही. तू मागून हळूच सांग, मी बोलते.” आणि छकुली फोन हिसकावणार तोवर आत्याने तो लावलाही होता, स्पीकरवर.

“मदत कक्ष, बोला,” एक अत्यंत दमलेला पुरुषी आवाज आला. मागे दुसरा कुठलातरी फोन वाजत होता.

“माझं वायफाय मेलंय,” आत्या म्हणाली.

“बरं. कुठली सिस्टीम आहे, आजी?”

“आजी कुणाला म्हणतोस रे? लिनक्स आहे.”

पलीकडे खुर्ची करकरली. “लिनक्स? ताई, तुम्ही लिनक्स वापरता?”

छकुली कुजबुजली. आत्याने मोठ्याने सांगितलं, “झोपून उठला की कार्ड उठत नाही त्याचं. ड्रायव्हर काढून परत घातला. झोपायचं सेटिंग बंद केलं. सगळ्या नोंदी चाळल्या. लिनक्सच्या त्या कर्नलला पण काही सापडत नाही.” मग हळू आवाजात, “छकुली, कर्नल म्हणजे मिशीवाले का गं?”

“हे सगळं तुम्ही केलंत?”

“मग? शिवण काय आपोआप उसवते?”

“केटलीचं सांग, केटलीचं!” बाबा न राहवून म्हणाले. आत्याने केटलीचं सांगितलं. नळाचं सांगितलं. पलीकडचा दुसरा फोन वाजून वाजून थांबला.

“ताई,” शेवटी त्याने विचारलं, “झोपतो तो नेमका कधी?”

“मी जवळ गेले की.”

“तुम्ही जवळ गेलात की.”

“हो. हिने आत्ताच चालू केला होता, हे काय, परत झोपला.”

“आत्ता तुमचा हात कुठे आहे?”

“लॅपटॉपवर.”

“हातात काय आहे?”

“काही नाही. टाचण्या.”

“टाचण्या कशाला लावल्यात?”

“चुंबकाला.”

त्या माणसाने सोडलेला श्वास फोनमधून अख्ख्या खोलीत ऐकू आला. “ताई, झाकण मिटलं हे लॅपटॉपला चुंबकामुळेच कळतं. तुमचा हात तिथे टेकला की त्याला वाटतं, झाकण मिटलं, झोपा. कृपा करून तुम्ही खोलीच्या बाहेर जा.”

“माझ्याच घरात मला बाहेर काढतोस?”

बाबा मटकन खुर्चीत बसले. “निरीक्षक,” ते पुटपुटले. “मी निरीक्षकाला प्रयोगात धरलंच नाही.”

आत्या फोन घेऊन गॅलरीत गेली. छकुलीने लॅपटॉप परत चालू केला. वायफाय आलं, आणि गेलं नाही. चारला थोडीच मिनिटं उरली होती. तिने मेल उघडला, मघाचं उत्तर अर्धवट होतं तसंच ठेवून बटण दाबलं आणि ओरडली, “गेला! गेला!”

गॅलरीतल्या फोनमधून ‘टिंग’ असा आवाज आला.

“एक मिनिट हं, ताई,” तो माणूस म्हणाला. “सकाळपासून या मेलची वाट बघतोय.” मग तो वाचू लागला, “‘हो, तिरकी रेघ, होय, मी येते, तिरकी रेघ, रुजू होते.’”

आत्याने फोनकडे पाहिलं, मग काचेतून आत पाहिलं.

“ताई,” तो म्हणाला, “मघाशी तुम्ही जिला छकुली म्हणालात, तिला जरा फोन द्या.”

छकुलीने फोन घेतला, तेव्हा तिचा हात केटलीवाल्या आईच्या हातापेक्षा गार होता. “सर, मी सांगणार होते. म्हणजे, सांगणार नव्हते.”

“ड्रायव्हर तुम्ही काढलात?”

“हो.”

“सकाळपासून हेच चाललंय?”

“हो.”

“आणि त्या दर वेळी येऊन अंगावर वाकत होत्या, तर त्यांना एकदाही ‘बाजूला व्हा’ म्हणाला नाहीत?”

छकुली गोंधळली. “असं कसं म्हणणार? त्या काळजीनेच येत होत्या ना!”

पलीकडे परत एक फोन वाजायला लागला. तो त्याने वाजू दिला.

“याआधी ठेवलेला मुलगा फार हुशार होता,” तो म्हणाला. “तिसऱ्या दिवशी एका आजोबांवर खेकसला आणि नोकरी सोडून गेला. तेव्हापासून इथले सगळे फोन मी एकटा उचलतोय. तुम्ही सोमवारची वाट बघू नका. उद्याच या.”

छकुलीने फोन ठेवला. आईने जाऊन नळ बंद केला. आत्याने कमरेवर हात ठेवले आणि मास्तर असलेल्या आपल्या भावाला विचारलं, “म्हणजे मी सकाळपासून आडवी आले, म्हणून हिला नोकरी उद्यापासूनच लागली. बरोबर?”

बाबांनी डोळे मिटून सगळा प्रयोग पहिल्यापासून तपासला. पण या निष्कर्षात त्यांना एकही चूक सापडेना.