बाहेरची चित्रे दाखवू नका

ईमेलच्या ॲपमध्ये मी ‘बाहेरची चित्रे आपोआप दाखवू नका’ हे बटण चालू केलं, तेव्हापासून आमच्या घरात येणाऱ्या पाहुण्यांचे चेहरे दिसत नाहीत. चेहऱ्याच्या जागी राखाडी चौकोन असतो आणि त्यात लिहिलेलं असतं, ‘चित्र दाखवायचे का?’ बाकी माणूस जसाच्या तसा.

मी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्य होता.

“मॅडम, सेटिंग बरोबर चाललंय. घरातली माणसं आतली, पाहुणे बाहेरचे. चित्र उघडलंत, तर पाहुण्याला तसं कळवणं मात्र आम्हाला बंधनकारक आहे.”

“काय कळवणार?”

“की तुम्ही त्यांना पाहिलंत. त्यांच्या मोबाइलवर संदेश जातो.”

मला ते रास्त वाटलं. मी बटण चालूच ठेवलं. वर्गणीवाले, ह्यांच्या ऑफिसातले रजा मागायला येणारे लोक, कुणाचीच तोंडं बघायला लागत नव्हती. माझी तब्येतही सुधारली.

अडचण आली ती माझ्या मुलीच्या, मृण्मयीच्या, बघण्याच्या कार्यक्रमात. स्थळ मिरजेचं. मुलगा निनाद पाटणकर, जनावरांचा डॉक्टर. फोटोवरून माणूस ठरवायचा नाही, हा मृण्मयीचा हट्ट, म्हणून फोटो मागवलाच नव्हता. स्थळ हातचं जाऊ नये असं मला फार वाटत होतं. पण मुलगा न बघता पोरगी कुणाच्याही हवाली करायची, हेही मनाला पटत नव्हतं.

“आजच्यापुरतं बटण बंद कर की,” हे म्हणाले.

मी ते साफ फेटाळलं. मुलीकडच्यांनी आधी पाहिलं असा संदेश त्यांच्या मोबाइलवर गेला, तर उतावळे म्हणून जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. आधी त्यांचा होकार, मग चित्र.

ठरल्या वेळी तीन राखाडी चौकोन येऊन सोफ्यावर बसले. पैठणीवरचा चौकोन त्याची आई, हे उघड होतं. पोहे चौकोनांखाली जात होते आणि संपत होते.

“आमच्या निनादचं तोंड बघणार नाही का तुम्ही?” पैठणीवरच्या चौकोनाने विचारलं.

“बघू की. तुमचा होकार आला की लगेच.”

“तुम्ही बघितल्याशिवाय आम्ही होकार कसा देणार?”

यावर दोन्ही बाजूंनी सविस्तर चर्चा झाली. तेवढ्या वेळात मृण्मयी आणि निनाद खिडकीपाशी बोलत बसले होते.

“इंजेक्शन द्यायच्या आधी मी म्हशीला तिचं नाव विचारतो,” तो सांगत होता.

“आणि ती सांगते?”

“मालकीण सांगते. पण म्हशीला बरं वाटतं.”

मृण्मयी हसली. ती अशी मोकळी हसलेली मी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. मग ती माझ्याकडे आली. “आई, माझं ठरलंय.”

“अगं, पण तू बघितलं कुठं आहेस?”

“ऐकलंय ना.”

फोन माझ्या हातातच होता. एकदा बोट लावलं असतं, तरी जीव भांड्यात पडला असता. पण पोरगी अजून हसत होती. मी फोन लोडाखाली सारला आणि लाडू आणायला आत गेले.

लाडू खाता खाता त्यांचाही होकार आला, पण आता लग्नातच बघायचं, असं मृण्मयीने मला बजावलं. लग्न कार्यालयात झालं. सेटिंग आमच्या घरापुरतं, त्यामुळे कार्यालयात सगळ्यांचे चेहरे उघडे होते. मृण्मयी खाली मान घालून आली ती थेट अंतरपाटामागे उभी राहिली. मी अंतरपाटाच्या दुसऱ्या बाजूला असल्यामुळे जावई मला तिच्याआधी दिसले. चेहरा साधा होता. बँकेच्या रांगेत पुढे उभे असते, तर लक्षात राहिले नसते. मी मंगलाष्टकं संपेपर्यंत त्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि अक्षता टाकायच्या विसरले.

गुरुजींनी अंतरपाट दूर केला. मृण्मयीने मान वर करून त्याच्याकडे नीट, सावकाश पाहिलं.

“अच्छा,” ती म्हणाली, “असे आहात होय.” आणि तिने हार घातला.