रविवारपर्यंतचा बॅक्टेरिया

गुरुवारी सकाळी सात वर्षांच्या रुचिकाने दुधाचा कप बाजूला सारून घसा दुखतो म्हणून सांगितलं, तेव्हा प्रताप नगरातल्या धकात्यांच्या घरात तिच्या घशाआधी रविवारची काळजी सुरू झाली. रविवारी खापा गावी तिच्या मामाचं, अश्विनचं लग्न होतं आणि रुचिका करवली होती. नवरदेवाच्या मागे करा, म्हणजे पाण्याचा कलश, धरून उभं राहायचं, म्हणून महिनाभर ती घरात तांब्या घेऊन सराव करत होती. अंगात थोडा ताप, नाक वाहतंय, खोकलाही लागलेला. पण डोळ्यांत पाणी आलं ते वेगळ्याच कारणाने. "मी नाही गेली तं करा कोण धरन?" एवढंच ती विचारत होती. ते ऐकून तिच्या वडिलांनी, अंकुशने, काहीही करून तिला लग्नाला न्यायचं ठरवलं.

अंकुश एका सरकारी कचेरीत आवक-जावक लिपिक होता. पंधरा वर्षांच्या नोकरीत त्याला एकच गोष्ट पटली होती, की कागद योग्य सदराखाली गेला तर काम होतं आणि चुकीच्या सदराखाली गेला तर साहेबालाही सापडत नाही. त्याच न्यायाने त्याने दुपारी डबा खाताखाता मोबाइलवर घशाचा अभ्यास केला. मुलांचा घसा बहुतेक वेळा व्हायरसमुळे धरतो, त्याच्यावर अँटिबायोटिक चालत नाही, तो आपल्या सवडीने बरा होतो. कधीकधी मात्र बॅक्टेरिया असतो आणि त्याला औषध असतं. सर्दी-खोकला असला तर बहुधा व्हायरस. नुसता ताप आणि घसा असला तर बॅक्टेरियाचा संशय. व्हायरस सवडीने जाणार, म्हणजे लग्न बुडालं. तेव्हा रुचिकाला बॅक्टेरियाच झालेला बरा, असं त्याने ठरवून टाकलं.

संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर त्याने लेकीचं नाक तीनदा शिंकरून घेतलं. आत गेल्यावर खोकायचं नाही, नाक ओढायचं नाही, तरच मॅडम चांगलं औषध देतील, असं बजावलं. रुचिकाची आई मेघा म्हणाली, "काहून लेकराले खोटं शिकवून राहिले?" यात खोटं काहीच नाही, फक्त थोडी माहिती द्यायची राहून जाईल, असं अंकुशने तिला समजावलं. कचेरीत हे रोज चालायचं.

डॉक्टर कुसुमावती पौनीकर म्हणजे लहान मुलांच्या जुन्या, शांत डॉक्टर. त्यांनी खोकला आहे का विचारलं. अंकुश नाही म्हणाला. सर्दी? अजिबात नाही. रुचिका गाल फुगवून, दोन्ही मुठी आवळून बसली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. फार दुखतं का, असं मॅडमनी मायेने विचारलं, तर तिने नुसती मान हलवली. तोंड उघडायची तिची तयारी नव्हती.

मॅडम विचारात पडल्या. ताप आहे, खोकला नाही, वयही त्यात बसणारं. बॅक्टेरिया असू शकतो, म्हणाल्या. अंकुशने समाधानाने मेघाकडे पाहिलं आणि अँटिबायोटिक लिहून द्यायची विनंती केली.

"असं अंदाजानं नाही देत मी," मॅडम म्हणाल्या. "घशातला नमुना तपासायला पाठवू. रिपोर्ट शनिवारी संध्याकाळी येईल. बॅक्टेरिया निघाला तर औषध सुरू करू, आणि त्यानंतर पूर्ण एक दिवस घरीच ठेवायचं. दुसऱ्या मुलांना लागतं ते."

अंकुशने मनात बोटं मोजली. शनिवार संध्याकाळनंतर पूर्ण एक दिवस म्हणजे रविवार संध्याकाळ. तोवर खाप्याची वरात घरी परतून जेवून झोपलेली असेल.

"आणि व्हायरस असला तर?" त्याने हळूच विचारलं.

"मग काय, आराम. ताप उतरला, पोरगी खेळायला लागली, की न्या लग्नाला."

अंकुशने तत्काळ सदर बदललं. तसा थोडा खोकला आहे, म्हणाला. मघाशी तर नाही म्हणालात, असं मॅडम म्हणाल्या. मघाशी नव्हता, पण येतो अधूनमधून, असं सांगून तो लेकीकडे वळला.

"खोकल, बेटा. मॅडमले खोकलून दाखव."

रुचिकाने मान हलवली. त्याने पाठीवरून हात फिरवला, आर्जव केलं, शेवटी स्वतः दोनदा खोकून दाखवलं. तिचा चेहरा टमाट्यासारखा लाल झाला. अखेर तिने ओठ उघडले. "तुमीच तं म्हनलं खोकलू नोको म्हनून," एवढं ती बोलली आणि अर्ध्या तासाचा साठवलेला खोकला, दोन शिंकांसकट, मॅडमच्या टेबलावर पडला.

मॅडमनी आधी टेबल पुसलं, मग चष्मा. मग त्यांनी घसा, कान, मान पुन्हा नीट तपासली आणि हा व्हायरसच दिसतो म्हणाल्या. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, कोमट पातळ खाणं, तापाचं औषध. ताप राहिला किंवा गिळता येईना तर परत आणायचं. अंकुशला मात्र त्यांनी थांबवून सांगितलं, "आजार आपण निवडत नसतो हो. आम्हाला खरं सांगा, तेवढं पुरे." अंकुशला खरोखर लाज वाटली.

शुक्रवारी रात्री ताप गेला. शनिवारी रुचिका तांब्या घेऊन घरभर फिरली आणि अंकुशने आनंदाने खाप्याला फोन लावला. पलीकडून नवरदेवाचा घोगरा आवाज आला. अश्विनचा घसा धरला होता. मंगळवारी घागरा द्यायला आला तेव्हा मामा-भाचीने एकाच ग्लासातून उसाचा रस घेतला होता. त्याने भाऊजींना कळवळून सांगितलं, की पोरीकडच्यांना बोलू नका, मंडपात मी खोकला दाबून धरीन.

रविवारी मंगलाष्टकं सुरू झाली. मुंडावळ्यांच्या खाली, धुळीचं निमित्त सांगून मास्क लावलेला नवरदेव हळूहळू कानांपर्यंत लाल होत गेला. मागे करा घेऊन ताठ उभ्या असलेल्या करवलीने ते ओळखलं. भटजी श्वास घ्यायला थांबले, तेवढ्यात तिचा स्वच्छ, बरा झालेला आवाज सगळ्या मंडपाला ऐकू गेला.

"मामा, दाबू नोको. खोकल. माह्या पप्पानं मले असंच दाबाले लावलं, तं डॉक्टर मॅडमले उलटंच वाटलं."

अश्विन मनसोक्त खोकला. अक्षता धरलेले तीनशे हात थांबले आणि सगळी मंडळी अंकुशकडे वळून पाहू लागली. शेजारी उभे असलेले नवरीचे काका धोंडबा त्याच्या कानाशी आले.

"काहून जी जावईबापू, काय केलं होतं तुमी पोरीले?"

अंकुशने गाल फुगवून, मुठी आवळून नुसती मान हलवली. सकाळपासून तो स्वतःच एक खोकला दाबून उभा होता.