तोडीचा पास

श्रीरंग आठल्ये ऑपरेशनसाठी आमच्या रुग्णालयात दाखल झाले आणि दुसऱ्याच दिवसापासून गाण्यातले राग त्यांना भेटायला येऊ लागले. भेटीची वेळ चार ते सहा. पासच्या खिडकीवर मी बसतो, त्यामुळे पहिला ताप मला झाला.

भीमपलासी चारच्या ठोक्याला रांगेत उभी असे. तिच्यामागे मुलतानी. तिसरी पूर्वी; ती मात्र पावणेसहाला घाईघाईने यायची आणि पंधरा मिनिटांत तिला बाहेर काढायचं वाईट काम माझ्याकडे असायचं. एका वेळी एकच पास, हा नियम तिघींनी मुकाट पाळला. माणसांकडून मी तेवढीही अपेक्षा करत नाही.

आठल्ये टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, एकटे. पंचावन्न वर्षं गाणं ऐकण्यापलीकडे आपण काही केलं नाही, असं ते स्वतःच खुशीत सांगत. पोटात गाठ होती. ऑपरेशन गुरुवारी साडेदहाला, आणि डॉक्टर म्हणाले होते की आता थांबून चालणार नाही. फक्त संमतिपत्रावर जवळच्या कुणाची तरी सही हवी होती.

"तोडी करेल," आठल्ये म्हणाले. "तिच्याइतकं जवळचं मला कुणी नाही."

"मग बोलवा की उद्या चारला," मेट्रन सावर्डेकरबाई म्हणाल्या.

"चारला तोडी? काहीतरीच काय बाई! ती सकाळची. नऊ ते बारा."

"सकाळी आमच्याकडे भेट नसते, आजोबा."

त्या दिवशी मुलतानीचा पास होता. ती खाटेशी बसून हे ऐकत होती. "मी करते सही," ती म्हणाली. "आमचे स्वर एकच आहेत." मेट्रनबाईंनी दोघींचे स्वर ताडून पाहिले. कोमल रे, कोमल ग, तीव्र म, कोमल ध. तंतोतंत जुळले. त्यांनी पेन पुढे केलं.

आठल्ये उठूनच बसले. "स्वर तेच, पण चालणं निराळं! उद्या शेजारणीची सही बायकोची म्हणून चालवाल? तोडी नाही तर ऑपरेशन नाही."

मुलतानीला राग आला नाही. ती त्यांना चांगली ओळखत होती. मला मात्र आला. जीव जायची वेळ आली आणि या गृहस्थांना चालणं सुचतंय! पण त्या संतापातही हा माणूस मला फार आवडला, हे कबूल करतो. पास परत घेताना मी मुलतानीला हळूच म्हटलं, "सकाळी डबा आणणाऱ्याला नऊ ते दहा आत सोडतात. निरोप द्या."

गुरुवारी नऊला तोडी तीन पुडांचा डबा घेऊन आली. वॉचमनने डबा उघडला. तिन्ही पुडं रिकामी.

"पेशंटला उपाशी ठेवायचंय ना?" तोडीने विचारलं.

डबा भरलेला असावा असं नियमात कुठेच नव्हतं. वॉचमनने तिला सोडलं.

सही करायला तिने पाऊण तास घेतला. पहिल्या अक्षरालाच वीस मिनिटं गेली. डॉक्टर दाराशी ताटकळत होते, पण लवकर करा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. नात्याच्या रकान्यात तिने लिहिलं, 'यांनी मला ऐकलं आहे.' मेट्रनबाईंनी ते दोनदा वाचलं आणि शिक्का मारला.

ऑपरेशन लांबलं. माझी खिडकी चारला उघडणार होती, म्हणून मीही तिथेच थांबलो होतो. बारा वाजले. तोडीने आता जायला हवं होतं, एवढं मलाही एव्हाना कळत होतं. दुपारचा सारंग तिची जागा घ्यायला आला, बाकावर तिला पाहून थबकला आणि दुसऱ्या टोकाला बसला. एक वाजला, दीड वाजला. तोडी उठली नाही. जन्मात तिने असं केलं नसेल.

पावणेदोनला स्ट्रेचर बाहेर आलं. "गाठ निघाली. उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. तोडी उशाशी गेली आणि हलकेच सुरू झाली. आठल्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी डोळे किलकिले केले.

"किती वाजले?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत मी कुणाला पाच मिनिटांची सवलत दिलेली नाही. मेट्रनबाई सरकून भिंतीवरच्या घड्याळासमोर उभ्या राहिल्या.

"सव्वाअकरा," मी म्हटलं.

"मग ठीक आहे," आठल्ये म्हणाले, आणि डोळे मिटून ऐकू लागले.